कातळावरच्या शाळेतला कौतुकाचा प्रयोग

मिरजोळे, रत्नागिरी
रविवार, २३ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप अण्णांच्या चरणी धाकट्या भास्करचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इथे खुशाल आहोत आणि हेदवीस आपण व वहिनीही खुशाल असाल असं धरून चालतो. (आपल्या मागच्या कार्डावर 'आहे' एवढा एकच शब्द होता. त्यावरून प्रकृती उत्तम असणार असा अर्थ उमाने काढला.) गुडघा कसा आहे? वैद्यांचं तेल वहिनी चोळतात, की 'गुडघा माझा आहे' असं सांगून आपण बाटली कपाटात बंद केलीत? सुपारी उतरवायला माणूस मिळाला का?

पत्राला उशीर झाला याचं कारण असं की गेले तीन महिने मी लोकांचं कौतुक करण्यात गुंतलो होतो. इथे आपण चष्मा काढून पुसाल, म्हणून पुन्हा लिहितो. कौतुक. आणि तेही आमच्या शाळेतल्या मुलांचं. शाळेविषयी आपलं मत मला ठाऊक आहे. 'आंब्याच्या शेडीत नासके आंबे' हे आपले शब्द मी गेल्या वर्षी गणपतीत सगळ्यांदेखत निमूट ऐकून घेतले होते. शेड आंब्याची आहे हे खरंच आहे. इतर शाळांनी दाखला हातात देऊन घरी पाठवलेली तेवीस मुलं, त्यांना शिकवणारा मी आणि सुतारकामाचा आत्माराम, एवढा आमचा पसारा. मुंबईची एक समिती तो चालवते आणि मालिनीबाई म्हणून तिच्या अध्यक्ष आहेत. शेडीत एक तक्रारवही टांगलेली असते. ऑगस्टात तीत एकतीस तक्रारी झाल्या. त्यातल्या एकोणीस आमच्या शेजारीण गोदूबाईंच्या. (त्यांच्या परसाचा दगडी गडगा आमच्या कातळाला लागून आहे, आणि मुलांना गडगा दिसला की तो ओलांडायचाच असतो.) मालिनीबाईंनी कळवलं की दिवाळीपर्यंत तक्रारी निम्म्यावर आल्या नाहीत तर समिती शाळा बंद करील. बंद झाल्यावर मुलांनी कुठे जायचं ते पत्रात नव्हतं. बाबल्याची ही चौथी शाळा आहे अण्णा, आणि त्याला घेईल अशी पाचवी मला माहीत नाही. ते पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही.

मग समितीनेच मला तीन दिवस पुण्याला 'वर्तन व्यवस्थापना'च्या शिबिराला धाडलं. तिथे शिकवलं ते थोडक्यात असं: मुलगा वाईट वागला आणि त्यात कोणाच्या जिवाला धोका नसला, तर आपलं तिकडे लक्षच नाही असं दाखवायचं. चांगला वागला की लगेच, नाव घेऊन, नेमकं काय चांगलं केलं ते सांगून कौतुक करायचं. एका रागावण्याला पाच कौतुकं हे प्रमाण. छडीचं तर नावच काढायचं नाही. (मी नोकरीला लागलो तेव्हा आपण आपल्या मुख्याध्यापकाच्या खोलीतून काढून दिलेली निगडीची शिमटी अजून आहे. तिच्याविषयी शेवटी लिहितो.) असलं शिबिर पुण्यात भरतं याचंच मला नवल वाटलं, पण ते असो. माझी अडचण निराळी होती. आपल्याकडे कौतुकाची भाषाच नाही. 'वाईट नाही' ही आपली शेवटची पायरी. तिच्यावर कोणी चढला तर त्याला ताप आहे किंवा काहीतरी मागायचं आहे असं लोक समजतात. आपल्याला आठवत असेल, स्कॉलरशिपच्या परीक्षेत मी तालुक्यात पहिला आलो ते सांगायला धापा टाकत आगरात आलो, तेव्हा आपण पोफळींना पाणी लावत होतात. आपण म्हणालात, 'पेपर सोपा असेल,' आणि पाणी पुढच्या आळ्यात वळवलंत. मी तक्रार करत नाही. दाखल्यासाठी सांगतो.

सराव म्हणून मी घरापासून सुरुवात केली. सकाळी घावन खाताना उमाला म्हटलं की घावन फार सुरेख झालं आहे, जाळी छान पडली आहे. (नेमकं सांगायचं, हा नियम.) तिने तवा खाली उतरवला आणि बाजारातून काय आणायचं विसरलात ते आत्ताच सांगा म्हणाली. मी खरोखरच रॉकेल विसरलो होतो, त्यामुळे पद्धतीची पहिली परीक्षा तिथेच फसली.

शाळेत तर त्याहून कठीण प्रसंग आला. बाबल्या पाच मिनिटं हालचाल न करता बसलेला दिसला. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, 'बाबल्या, तू शांत बसून ऐकतो आहेस हे मला फार आवडलं.' तो पांढराफटक पडला आणि उभा राहून आईची शपथ घेऊन सांगू लागला की गोदूबाईंचा रांजण त्याने फोडलेला नाही. रांजण फुटला आहे हे मला ठाऊक नव्हतं. गोदूबाईंनाही नव्हतं. मग वही नीट धरल्याबद्दल मी चिमाला शाबासकी दिली, तर शाळेच्या पाण्याच्या पंपाचा पट्टा कुठे लपवला आहे ते तिने सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत माझ्या कौतुकाला घाबरून चार जणांनी कबुली दिली आणि त्या चार तक्रारी मला माझ्याच हाताने वहीत लिहाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाबल्याची आजी सखू शेडीच्या दारात उभी. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, संपानंतर तो कुठे आहे ते त्यालाच माहीत. नातवाला तीच सांभाळते. तिने पदराची गाठ सोडून मीठ-मिरच्या काढल्या आणि आधी नातवाची दृष्ट काढली. त्या मिरच्या तिने आमच्याच चुलीत टाकल्या, त्यामुळे तेवीस मुलं आणि दोन शिक्षक खोकत बाहेर आले आणि गणिताचा तास बुडाला. मला वाटलं, झालं आता, जाईल. पण ती मला बाजूला घेऊन म्हणाली, 'गुर्जी, काय झाला ता आताच सांगा. तीन शाळांनी माझ्या नातवाला असाच गोड बोलून काढलानी.' मी तिला काहीबाही समजावलं. पण त्या दिवशी घरी गेल्यावर मला फार वाईट वाटलं. आपल्या तोंडचा चांगला शब्द ऐकून कोणी म्हाताऱ्या बाईने तीन मैल चालत येऊन नातवाची दृष्ट काढावी, असं काय आपण मास्तर लोकांनी करून ठेवलं आहे?

वाईटाकडे लक्ष न देण्याचं काम मात्र मला बरं जमेल असं वाटलं होतं. चिमाने ते लगेच तपासून पाहिलं. अपूर्णांक चालू असताना ती आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या उतरंडीवर चढून बसली आणि कोंबडीसारखी ओरडू लागली. आत्मारामने गुपचूप खाली भाताचा पेंढा पसरला, त्यामुळे जिवाचा धोका मिटला आणि नियम लागू झाला. मी खाली बसलेल्यांचं एकेकाचं नाव घेऊन कौतुक करत राहिलो. (एवढं कौतुक मी लग्नातही कोणाचं केलं नव्हतं. घसा बसला.) चाळीस मिनिटांनी चिमा आपली आपण उतरली, माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मी तुम्हाला दिसत नव्हते काय, असं तिने रागावून विचारलं. मी म्हटलं, आता दिसतेस, बस. ती बसली. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी आपण गुरुजींना दिसतो की नाही हे पाहायला सहा जण पेट्यांवर चढले.

गुरुकिल्ली सापडली ती आत्मारामकडे. हा गृहस्थ आपल्यापेक्षाही कमी बोलतो, यावरून कल्पना करा. शिबिरातले माझे कागद त्याने वाचले आणि रंधा पुसायला घेतले. सप्टेंबरात बाबल्याने फणसाच्या फळीचं एक स्टूल बनवलं. मी दहा वेळा सुंदर, छान, अप्रतिम म्हटलं. पोरगं माझ्याकडे संशयाने बघत राहिलं. आत्मारामने स्टूल उलटंसुलटं केलं, त्यावर बसला, थोडा डुलला आणि म्हणाला, 'पडलो नाही.' बस, एवढंच. बाबल्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्या दिवशी त्याने काही फोडलं नाही, कोणाला मारलं नाही, आणि घरी जाताना ते स्टूल आपल्या सदऱ्याने पुसून गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या मुलांनी गोड शब्द फक्त निरोप देताना ऐकले आहेत. तिरका शब्द मात्र घरचा. जो आपल्याला घालवणार आहे तो कशाला टोमणे मारील? मग मी पुण्याची पद्धत तशीच ठेवली, भाषा फक्त आपली घातली. लगेच बोलायचं, नाव घेऊन, नेमकं. 'काय चिमा, आज पेट्यांवर कोणीच नाही, कोंबडी आजारी आहे का?' 'बाबल्या, गणित बरोबर आलंय. हात दाखव, तुझाच आहे ना?' मुलं हसायची आणि दुसऱ्या दिवशी असलं काही ऐकायला मिळावं म्हणून सरळ वागायची. बाबल्याने फुटक्या रांजणाबद्दल गोदूबाईंच्या विहिरीचा रहाट दुरुस्त करून दिला. त्यांनी येऊन तक्रारवहीत लिहिलं, 'आज तक्रार नाही. उद्या बघू.' ते पान मी कितीदा तरी वाचलं. ऑक्टोबरात एकूण तक्रारी नऊ. त्यातली एक उमाची, माझ्याविरुद्ध, रॉकेलबद्दल.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, मालिनीबाई पाहणीला आल्या. बाई मोठ्या सज्जन, पण जन्म मुंबईतला. त्या मागे बसल्या आहेत हे विसरून मी सवयीने म्हटलं, 'काय बाबल्या, पाहुणे आले तरी शाळा उभी ठेवलीस, उपकार झाले.' बाई ताडकन उठल्या. मुलांदेखतच म्हणाल्या की हा मुलाचा अपमान आहे, हेच शिकायला तुम्हाला पुण्याला पाठवलं होतं का? तीन महिन्यांची मेहनत आणि तेवीस मुलं डोळ्यांसमोरून गेली. तेवढ्यात बाबल्या उभा राहिला. आजवर हा मुलगा कोणा मोठ्या माणसापुढे आपण होऊन बोललेला नाही. तो म्हणाला, 'बाई, गुर्जी कवतिक करतायत. त्यांना यापेक्षा गोड येत नाय.' बाई खाली बसल्या. मग त्यांनी तक्रारवही पहिल्या पानापासून वाचली, बाबल्याच्या स्टुलावर बसूनच वाचली, कोकमाचं सरबत घेतलं आणि मोटारीत बसल्या. निर्णय मागाहून कळवू म्हणाल्या. तेव्हा आमचं सगळं अधांतरी आहे.

वहिनींना नमस्कार सांगावा. उमाने त्यांच्यासाठी सांडगे पाठवले आहेत. (ते वाईट नाहीत.)

आपला आज्ञाधारक,
भास्कर

ता. क. १ : शिमटीचं राहिलं. ती मी गोदूबाईंना दिली. त्यांनी ती पडवळाच्या वेलाला आधार म्हणून रोवली आहे. यंदा पडवळं सरळ आली. तेवढं श्रेय आपलं.

ता. क. २ : एक लहानशी विनंती. मालिनीबाईंना निर्णयापूर्वी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या मुख्याध्यापकाचं शाळेविषयीचं मत लेखी हवं आहे. आपण उभ्या आयुष्यात कोणाला बरं म्हटलेलं नाही हे सर्वांना माहीत असल्याने आपल्या दोन ओळींना मोठं वजन येईल. शाळा चांगली चालली आहे, भास्कर चांगलं काम करतो आहे, एवढंच लिहावं. बाई मुंबईच्या असल्याने कृपया सरळ शब्दांत.

ता. क. ३ : उमाने पत्र वाचलं आणि ते पाकिटात घालू देईना. थोरल्या भावाशी खोटं बोलू नये म्हणते. तर खरं असं आहे की मालिनीबाईंचं पत्र परवाच आलं. शाळा चालू राहणार. सखूला सांगितलं तेव्हा ती शेडीच्या पायरीवर बसून रडली आणि आत्माराम रंधा घेऊन बाहेर निघून गेला. त्या पत्रात कोणाचंही मत मागितलेलं नाही. ते मला हवं होतं. एक्केचाळीस वर्षांचा झालो अण्णा, तरी हवं होतं. पण फार त्रास करून घेऊ नका. कार्डावर 'पेपर सोपा असेल' एवढंच लिहिलंत तरी चालेल. आता मला ती भाषा वाचता येते.