पहिलं पाऊल सांगायचं नाही

९ जानेवारी

टकलू आज चालला!

सकाळी साडेअकराला. निळ्या बादलीपासून चपलांच्या कपाटापर्यंत — चार पावलं. मग बदकन बसला आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. पंधरा महिने पुरे झालेत नुकतेच, डोक्यावर अजून केसाचा पत्ता नाही. बाकीच्या पाच जणांपैकी दोन झोपलेले, दोन एका बिस्किटावरून हातघाईवर आलेले. बडबडीने तेवढं पाहिलं. वय वर्षं चार. म्हणाली, "पडला." झालं परीक्षण.

संध्याकाळी त्याची आई न्यायला आली. रोजच्यासारखी चिठ्ठी दिली — केळं अर्धं, झोप दीड तास, शी एकदा. चालण्याबद्दल अवाक्षर नाही. अठरा वर्षं पाळणाघर चालवतेय, हा एक नियम मोडलेला नाही. पहिलं पाऊल, पहिला शब्द, पहिला दात — इथे काहीही होवो, आईबापांना सांगायचं नाही. दोन-चार दिवसांत पोर घरी चालतं, आई जिना चढून धापा टाकत येते. "काकू, काल चालला!" मी गालावर हात ठेवते. "काय सांगता!" हे म्हणतात, नाटकात गेली असतीस तर नाव काढलं असतंस. म्हणोत. त्या वेळचा त्या बायांचा चेहरा बघायला मिळतो, म्हणून तर दिवसभर सहा नाकं पुसते.

१० जानेवारी

घरी नाही चालला अजून. आई म्हणते, रांगून रांगून गुडघे काळे केलेत मेल्याने.

१४ जानेवारी

आज दुपारी सहाही एकदम झोपले. असं वर्षातून दोनदा घडतं. खुर्ची सरकवली तर आवाज होईल म्हणून त्यांच्यामध्येच खाली बसून राहिले. कुणाचा तरी पाय माझ्या पायावर होता. गरम, घामेजलेला.

झोपायच्या आधी बडबडीने चौकशी केली. "आम्ही घरी गेलो की तू कुठे जातेस?" म्हटलं, इथेच असते. "मग तुला कोण झोपवतं?" काका, म्हटलं. ती विचारात पडली. "त्यांना गाणं कुठे येतं?" खरं आहे. ह्यांना गाणं येत नाही. बस चालवता येते, आणि गप्प बसता येतं.

अर्धा तास तशीच बसले. सुखात होते. मुद्दाम लिहून ठेवते, एरवी ह्या वहीत असलं वाक्य सापडायचं नाही.

टकलू आता दारापासून खिडकीपर्यंत जातो. वळतो, परत येतो. घरी अजून नाही.

२३ जानेवारी

दोन आठवडे झाले. इतके दिवस कुणाचंच पोर थांबलं नव्हतं.

कारण मला कळतंय. मागे ताप आला होता तेव्हा ती कामावरून सुटेना, म्हणून मी त्याला घरी पोचवायला गेले होते. एक खोली. पलंग, टेबल, शेगडी — संपलं. जमीन अशी उरतच नाही. ही चष्म्याच्या दुकानातून सुटते, सातला इथे येते, पोराला कडेवर घेते ते झोपेपर्यंत उतरवत नाही. एका हाताने पोर, एका हाताने स्वयंपाक. नवरा जहाजावर, अजून चार महिने यायचा नाही. चालणार कुठे पोरगं?

"जरा खाली सोडत जा गं त्याला," म्हटलं.

"कुठे सोडू काकू? पलंगाखाली?"

हसलो दोघी. ती जरा कमी हसली.

३ फेब्रुवारी

तिच्या सासूचा फोन आला होता म्हणे. "आमची सगळी दहाव्या महिन्यात पळत होती." दहाव्या महिन्यात! घोडे होते की काय.

ती दारातच थांबली. "काकू, तुम्ही एवढी मुलं पाहिलीत. ह्याच्यात काही कमी आहे का हो? खरं सांगा." टकलू तिच्या खांद्याला नाक पुसत होता. सकाळपासून त्याने माझ्या घरात दीड-दोनशे फेऱ्या मारल्या असतील.

"प्रत्येकाची वेळ असते," मी म्हटलं.

खोटं नव्हतं बोलले. पण खरं बोलणं ह्याला म्हणत नाहीत, एवढं कळतं मला.

४ फेब्रुवारी

रात्री तेल लावून त्याचे पाय चोळते म्हणाली. अर्धा अर्धा तास. मी आणखी आठवडाभर बघते. रविवार मध्ये आहे, चालेल तो रविवारी. चालायला पाहिजे.

११ फेब्रुवारी

रविवार येऊन गेला. काही नाही.

आज बडबडीने घात केला. टकलूच्या आईचा पदर ओढून म्हणाली, "टकलू चालतो. पळतो पण." म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. पण तिने वाकून पोरीची हनुवटी धरली. "चालेल हं राणी. तुझ्या तोंडात साखर पडो." डोळे भरून आले होते. पोरगी धीर देतेय असं वाटलं तिला!

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही मी. "उद्या एक जास्तीचा शर्ट पाठव," एवढंच बाहेर आलं.

बडबडी जाताना माझ्याकडे अशी बघत होती! ती खोटं बोलली नव्हती, आणि मी तिची बाजू घेतली नाही.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "सांगून टाक." म्हटलं, "आणि तिचं पहिलं पाऊल? ते कोण परत देणार तिला?" ह्यांनी डबा उचलला आणि ड्युटीवर गेले.

१२ फेब्रुवारी

मनीचं ह्या वहीत कधी लिहिलं नाही. आज लिहिते.

तेव्हा मी साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. सकाळी सहाला घर सोडायचे. हे मनीला दहाला पाळणाघरात सोडून बसवर जायचे, संध्याकाळी मी आणायचे. एका संध्याकाळी गेले तर पाळणाघरवाल्या आजी दारातूनच ओरडल्या, "अगं, आज चालली तुझी लेक!" हसल्या, माझी पाठ थोपटली. मीही हसले. मग मनीला कडेवर घेऊन घरापर्यंत रडत आले. घरी आल्यावर ती माझ्याकडेही चालत आली, पण ते पहिलं नव्हतं.

अडीच वर्षांची असताना ताप आला. तिसऱ्या दिवशी गेली.

मनीच्या बाबतीत माझ्या वाट्याला मुळात थोडं आलं. त्यातलं ते एक त्या बाईने उष्टं केलं असं मनाने घेतलं, ते घेतलंच. पुढे ती रस्त्यात दिसली की मी पलीकडे जायचे. का, ते तिला मरेपर्यंत कळलं नसेल. दुसऱ्या कुठल्या आईचं असं होऊ द्यायचं नाही म्हणून हा नियम. माझ्या हातून पोरांचं कधी काही वाईट झालेलं नाही. मग आता काय करू?

१९ फेब्रुवारी

मोठ्या दवाखान्यातली तारीख मिळाली. सव्वीसला. भूल देऊन कमरेची आणि पायांची तपासणी करणार आहेत. आणि हिने आजच दुकानात राजीनामा दिला. "आई घरी असती तर चालला असता, असं सगळेच म्हणतात काकू. सगळेच कसे चुकतील?"

चष्मे बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही म्हणतात. मला तिनेच बसवून दिलाय हा. नाकावर कधी घसरला नाही.

एवढ्याशा जिवाला भूल! कशासाठी? माझ्यासाठी.

२० फेब्रुवारी

सांगितलं. म्हणजे सांगायला तोंड उघडेना, म्हणून दाखवलं. ती आल्यावर तिला दाराशी बसवलं, टकलूला खिडकीपाशी उभं केलं. आईला बघून तो निघाला. मधे कुणाची तरी बाहुली पडली होती, ती ओलांडून गेला, आणि तिच्या मांडीवर जाऊन आदळला.

तो चेहरा! अठरा वर्षांत असा पाहिला नाही. हसत होती, रडत होती, त्याच्या टकलाचे मुके घेत होती. तेवढ्यात तो तिच्या हातातून सुटला, पायपुसण्यावर टाचेवर गर्रकन वळला आणि बादलीकडे धावत सुटला.

ती बघत राहिली. "हा आज नाही चालायला लागला," म्हणाली. "किती दिवस झाले?"

"सहा आठवडे."

ओरडली असती तर बरं झालं असतं. पिशवी घेतली, त्याला घेतलं. चिठ्ठी मागितली नाही. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते, तिने वर पाहिलं नाही.

२१ फेब्रुवारी

आले नाहीत.

२४ फेब्रुवारी

चौकशी केली. तपासणी रद्द केली, तेवढं बरं झालं. नोकरी मात्र गेली. राजीनामा परत घ्यायला गेली तर मालकाने दुसऱ्याच दिवशी नवी मुलगी ठेवलेली. आपण चुकायचं आणि भरायचं तिने.

बडबडी विचारते, टकलू कुठे गेला. घरी, म्हटलं. "चालत?"

२७ फेब्रुवारी

पांघरूण न्यायला आली होती. टकलू बोट धरून. मी चहाचं विचारलं, नको म्हणाली. पांघरुणाची घडी घालता घालता बोलली. मान खाली, आवाज शांत.

"पहिलं पाऊल कुणाला हवं होतं काकू? मला झोप हवी होती. महिनाभर मी त्याचे पाय चोळत होते. झोपेत त्याच्या पायाला चिमटे काढून बघत होते, जीव आहे ना म्हणून. आणि तुम्ही रोज माझं तोंड बघत होतात."

मी मनीचं सांगणार होते. सगळी वाक्यं तयार होती. नाही सांगितलं. तिच्या दुःखावर माझं दुःख नेऊन ठेवायचं, हे कुठलं शहाणपण?

"चुकलं माझं," म्हटलं.

"हो," म्हणाली.

टकलूने दारात माझा गुडघा धरला. ती थांबली, त्याने सोडेपर्यंत. एवढं तिने केलं. मी त्याबद्दल तिची आभारी आहे.

२८ फेब्रुवारी

पाच मुलं. तरी मोजताना रोज सहापर्यंत जाते.

धाकट्या जुळ्यांपैकी एक आज पहिल्यांदा "पाणी" म्हणाली. संध्याकाळी तिच्या बापाला सांगून टाकलं. त्याला काही वाईट-बिईट वाटलं नाही. दारात उभं राहून चार वेळा म्हणवून घेतलं तिच्याकडून. मी किती वर्षं काय धरून बसले होते!

२ मार्च

रविवार. सकाळी चहा घेताना ह्यांना टकलूच्या आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. चहा निवला, साय धरली. मग म्हणाले, "मनी पाळणाघरात नव्हती पहिल्यांदा चालली. आदल्या दिवशी सकाळी चालली. माझ्यासमोर. तू कामावर होतीस. म्हटलं, तुझं तुला दिसू दे, आपण कशाला सांगा. दुसऱ्या दिवशी त्या आजी बोलून बसल्या. तू रडत आलीस. मग मला सांगता येईना."

बावीस वर्षं!

भांडायला उठले होते मी. खरंच उठले होते. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "कशी चालली?"

ह्यांनी सांगितलं. मोरीच्या उंबऱ्याला धरून उभी होती. ओली, अंगावर नुसता टॉवेल. हे दाढी करत होते. उंबरा सोडला, पाच पावलं आली आणि ह्यांच्या गालाला लावलेला साबण बघून हसायला लागली.

पुन्हा पहिल्यापासून सांगा, म्हटलं.