पायाने ठेका धरू नये

३ जानेवारी १९४१, शुक्रवार

नवं वर्ष, नवी वही. सुरुवात किळसेने.

जालन्यात जॅझ ऐकणारी माणसं चार. त्यांतली खरं ऐकणारी मी एकटी. बाकीच्या तिघांच्या कानावर ते फक्त पडतं. तरी दर शुक्रवारी, निजामी मुलखात कचेऱ्या आणि शाळा बंद म्हणून, पाच वाजता माझ्या बैठकीच्या खोलीत मंडळ भरतं. अध्यक्ष मी आहे. निवडणूक झालेली नाही. गरज नव्हती.

आज रेकॉर्ड चालू असताना भुजंगराव वकिलांनी अडकित्त्याने सुपारी कातरली. रायभान (रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून) सिकंदराबादच्या एका ड्रमवाल्याची आठवण सांगत बसला. म्हणे तो एका हाताने पाव खातो आणि दुसऱ्या हाताने वाजवतो. मच्छिंद्र घड्याळवाल्याने पायाने ठेका धरला. आधी चप्पल काढून ठेवली, म्हणजे पूर्वतयारीने.

नियम लिहून भिंतीवर लावले. १. पायाने ठेका धरू नये. २. तोंडात पान नसावं. ३. रेकॉर्ड संपल्यावर एक मिनिट कोणी बोलू नये.

माझ्या शाळेतल्या पोरी बऱ्या. छडी दाखवली की समजतात.

१० जानेवारी, शुक्रवार

आज बोनिफास मिनेझिसची निळी रेकॉर्ड लावली. वर्षातून चार वेळाच लावते. लेबल कसरीने खाल्लं आहे, वादकाचं नाव तेवढं शिल्लक. शीर्षक मी दिलं आहे: ‘अखेरची थाप’.

दर वेळी अंगावर काटा येतो. दूरवर कोणीतरी दार वाजवतं. दोन थापा. थांबतं. पुन्हा दोन. मग मिनेझिसचा कॉर्नेट, ती आखूड पितळी तुतारी, खोल, खर्जातला, जणू आतला माणूस म्हणतो आहे की उघडू का नको. मृत्यू दारात उभा आहे. हे मी सर्वांना समजावून सांगितलं. रायभानने डोळे पुसले. (नंतर म्हणाला, मालधक्क्यावर मिरचीची पोती उतरवली होती. लाजतो.)

वीस साली मुंबईत कॉलेजात असताना मिनेझिसला मी स्वतः ऐकलं आहे. हॉटेलच्या कुंपणाबाहेरून, पण स्वच्छ. तिघांपैकी कोणाकडेही असली आठवण नाही. त्यामुळेच बैठक माझ्याकडे भरते.

ग्रामोफोनचं मशीन माझ्या यजमानांचं, डॉक्टरांचं. ते पस्तीस साली गेले. वेगाचा काटा त्यांच्या हाताने लावलेला आहे, मी कधी त्याला हात लावला नाही. चावी कामवाली गोपिकाबाई देते. ही रेकॉर्ड लागली की डॉक्टर मोठ्याने हसायचे आणि टेबलावर बोटं आपटायचे, मी आतल्या खोलीत वह्या तपासत असायचे. माणूस सोन्यासारखा. कान नव्हता.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

संकल्प: ‘जॅझमधला शोक’ हा निबंध. रोज दोन पानं, महिनाअखेर चौतीस. मुंबईच्या इंग्रजी मासिकाला पाठवायचा.

आज तिळगूळ द्यायला शाळेतल्या पोरी. उद्यापासून.

१७ जानेवारी, शुक्रवार

निबंध: शीर्षक झालं.

भुजंगरावांनी मुंबईहून नवं मशीन मागवलं. तासभर त्याचीच स्तुती. मग सॅक्सोफोन श्रेष्ठ की कॉर्नेट, यावर वाद. भुजंगराव सॅक्सोफोनच्या बाजूने. मी म्हटलं, सॅक्सोफोन म्हणजे सर्दी झालेला सरकारी नोकर. त्यांनी पुण्यातल्या एका पियानोवाल्याची आठवण काढली, जो वीज गेल्यावरही अंधारात वाजवत राहिला. मी वीस सालचा मिनेझिस सांगितला. हॉटेलच्या आवारात, पन्नास पावलांवर. वाद तिथेच संपला.

२४ जानेवारी, शुक्रवार. रात्री जेवले नाही.

भुजंगराव टांग्यात घालून नवं मशीन इथे घेऊन आले. निळी रेकॉर्ड त्यावर ऐकायची म्हणून हट्ट. दिली.

काय सांगावं. मृत्यू पळत सुटला. थापांवर थापा, जणू दाराशी वसुलीदार आलेत. कॉर्नेट चिरकला. जिथे माझ्या डोळ्यांत पाणी येतं तिथे मच्छिंद्र हसला. मग रायभान. मग भुजंगराव, दात दाखवून. तीन पाय जमिनीवर आपटत होते, भिंतीवर नियम लिहिलेला असताना. एक मिनिटाची शांतता कोणी पाळली नाही.

मी सांगितलं, नवं मशीन सदोष आहे, परत पाठवा. भुजंगराव म्हणाले, बाई, तुमचं मशीन हळू चालतं. माझ्या घरात, माझ्या गादीवर बसून.

बैठक बरखास्त केली. चिवडा आत नेला.

२६ जानेवारी, रविवार

मच्छिंद्र सकाळी घड्याळ घेऊन हजर. माझ्या रेकॉर्डीवर खडूने खूण केली आणि मिनिटभर फेरे मोजले. एकोणसाठ. अठ्ठ्याहत्तर पाहिजेत म्हणे. तीनदा मोजले, तीनदा एकोणसाठ.

मी म्हटलं, तुझं घड्याळ चुकतं. तो म्हणाला, स्टेशनचं घड्याळ मी ह्याच घड्याळावरून लावतो. मी म्हटलं, तरीच गाड्या उशिरा येतात.

महिन्याभरासाठी त्याचं सभासदत्व रद्द. जाताना खडू विसरून गेला. शाळेत नेईन.

३१ जानेवारी, शुक्रवार

एकटा रायभान आला. बाकी दोघे भुजंगरावांकडे ‘सहज’ जमले होते. रायभानही उंबऱ्यात अर्धा आत, अर्धा बाहेर. आजवर त्या दोघांनी शुक्रवार चुकवला नव्हता, भुजंगरावांच्या धाकट्याच्या लग्नातसुद्धा.

पण बातमी मोठी. रायभानच्या ओळखीच्या गोवेकर गार्डने सांगितलं: बारा फेब्रुवारीला बोनिफास मिनेझिस मनमाडहून सिकंदराबादला चालला आहे, कुठल्याशा क्लबात वाजवायला. इंजिन जालन्याला पाणी घेतं. गाडी पंचवीस मिनिटं थांबते. त्यालाच विचारू, असं भुजंगरावांचं म्हणणं. दोन्ही मशीनं फलाटावर न्यायची. तो म्हणेल ते मशीन खरं, आणि त्या मशीनच्या घरी इथून पुढे शुक्रवार.

ताबडतोब कबूल. लेखी दिलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठक नाही. वेळ मिळाला ते बरं. निबंधाचं पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं.

मिनेझिस मला ओळखेल का? वीस साली मी पहिल्या रांगेत होते. त्याने वाजवून झाल्यावर माझ्याकडे पाहून मान लववली होती. असलं माणूस विसरत नाही.

गोपिकाबाई गेले चार दिवस काही तरी सांगायला येते आणि परत जाते. राजूरच्या गणपतीला जायचं असेल म्हणून आज रजा दिली. तरी दारातच उभी. कंटाळा आला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जसं घडलं तसं लिहिते.

गाडी वेळेवर. (मच्छिंद्रने माझ्याकडे पाहिलं.) मिनेझिस खाली उतरला. ठेंगणा, पोट सुटलेला, हातात केळं. आम्ही दोन्ही मशीनं हमालाच्या हातगाड्यावर मांडली होती. भोवती निम्मं स्टेशन. मी इंग्रजीतून प्रास्ताविक केलं. चार मिनिटं गेली.

आधी माझं मशीन. दोन थापा. शांतता. दोन थापा. मिनेझिसने केळं खायचं थांबवलं. मग हॅट काढली आणि छातीशी धरली. भुजंगरावांकडे पाहिलंही नाही.

संपल्यावर त्याने हळू आवाजात विचारलं, कोण वारलं? आणि हा कोणाचा बँड?

आम्ही सांगितलं, तुमचा.

त्याने रेकॉर्ड हातात घेऊन नाव वाचलं, दोनदा. मग भुजंगरावांच्या मशीनवर लावली. दुसऱ्याच थापेला त्याने हॅट डोक्यावर घातली आणि जिभेने टाळू वाजवायला लागला. घोडे. महालक्ष्मीच्या शर्यतीचे घोडे. तेहतीस साली गंमत म्हणून काढलेली रेकॉर्ड. टापांसाठी त्याच्या मेव्हण्याने नारळाच्या करवंट्या लाकडी खोक्यावर आपटल्या होत्या. शेवटी मेव्हण्याचा घोडा हरतो, म्हणून कॉर्नेट रडतो.

फलाटावर हशा. पाणी भरणारा माणूससुद्धा.

मी वीस सालचं विचारलं. तेव्हा तो मडगावच्या शाळेत होता. दहा वर्षांचा.

शिटी झाली. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, मॅडम, माझ्या आईला पुरलं तेव्हा असं कोणी वाजवलं असतं तर बरं झालं असतं. गाडी गेली.

भुजंगरावांनी माझं मशीन स्वतः उचलून टांग्यात ठेवलं. एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर सोपं गेलं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विचारान्ती मत: कलावंताला स्वतःची कला कळत नाही. करवंट्यांची कबुली हा विनय. शिवाय हॅट त्याने माझ्या मशीनला काढली. निबंधात हा मुद्दा येईल.

वीस साली कुंपणापलीकडे दुसरं कोणी वाजवत असेल. कुंपण होतं, हे नक्की.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच वाजता गाद्या घातल्या. सवयीने. चिवडा चौघांचा झाला, तोही सवयीने. साडेसहापर्यंत बसले. भिंतीवरचे नियम वाचले. सगळे पाळले गेले.

करार लेखी आहे. भुजंगरावांकडे मी पाऊल टाकणार नाही. तिथे माणसं जॅझला दाद म्हणून टाळ्या देतात असं कळतं. किळस.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा चिवडा. गोपिकाबाईला दिला. ती घेईना. दारात उभी राहून पदराचं टोक पिळत होती. शेवटी मी खडसावलं. जे बोलली ते जसंच्या तसं:

“बाई, रागावू नका. त्यो काटा म्याच फिरवल्ता. तीन साल झाले. लई घाई करून राह्यलं व्हतं ते मशीन, दर बाज्याला चावी द्यावी लागं. हात भरून यायचे. काटा खाली वढला तं चावी लई टिकायची. म्हनलं, तुमाला बी सुख, मला बी सुख. मंग तुमी रडाया लागल्या. म्हनलं, आता कसं सांगावं.”

मी विचारलं, मग डॉक्टरांनी लावलेला काटा कुठे होता?

“वर व्हता. बराबर बीचमंदी. डाक्टरसायेब तं त्या घोड्याच्या बाज्यावर टेबल बडवायचे. मला म्हनायचे, गोपिका, बघ, ह्यो मागचा घोडा काही येत न्हाई.”

डॉक्टरांना माहीत होतं. गोपिकाबाईला माहीत होतं. घरात दोन माणसं आणि एक मशीन, आणि तिन्ही मला सोडून घोड्यांबरोबर होती.

तिला कामावरून काढून टाकलं. तिने भांडी घासली आणि उद्या सहाला येते म्हणून गेली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काटा मधे आणला. निळी रेकॉर्ड लावली. दारं-खिडक्या बंद करून.

मागचा घोडा खरंच येत नाही.

नऊ वेळा ऐकली. चावी स्वतः दिली. हात भरून येतात, हे खरं आहे.

निबंधाचं शीर्षक फाडलं. कागद पाठकोरा होता, पाठीमागे शाळेचं वेळापत्रक लिहिलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

भुजंगरावांच्या गल्लीत शाळेच्या कामाने गेले होते. (सुट्टी होती. असो.) निळी रेकॉर्ड पिशवीत होती, योगायोगाने. पावणेपाचला पोचले. भुजंगराव दारातच होते. या बाई, म्हणाले, आणि मधली गादी झटकली. मी म्हटलं, मी पाच मिनिटांसाठी आले आहे, मागे बसेन. मागे बसले.

भिंतीवर माझेच तीन नियम, माझ्याच अक्षरात. ती पाटी रायभान कधी काढून घेऊन गेला कोण जाणे. माझ्या भिंतीवर जागा रिकामी आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सॅक्सोफोन वाजला. सर्दी. मी तसं सांगितलं. कोणी ऐकलं नाही, पण चिवडा पुढे केला. तिखट कमी होतं. मग निळी लावली. घोडे निघाले. मेव्हण्याचा घोडा मागे पडला, तिघेही हसले, आणि त्या हशात एक चौथा हशा होता. कोणाचा ते मी पाहिलं नाही.

मच्छिंद्र शेजारी बसला होता. त्याचे दोन्ही पाय मांडीखाली, चपला बाहेर. नियम पाळणारा. तो माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, “बाई, पाय.”

मी सांगितलं, मुंग्या आल्या आहेत.