कानातली रिंग

प्रिय बडबडे,

परवा तुमच्या बाहेरच्या खोलीतला फोन माझ्यासमोर खणखणला आणि त्याच क्षणी माझं सगळं संपलं.

कॉलेजात सरांशी भांडून, पुस्तकं बाकावरच टाकून आलो, त्या दिवशी तू म्हणालीस, आधी डोकं थंड कर, मग फोन कर. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत होईल थंड. तेव्हापासून रोज संध्याकाळी लावतोय. रिंग जाते, उचलत कुणी नाही.

मग टेलिफोनच्या कामाला लागलो. तिथे वस्तादांनी शिकवलं, की फोन लावणाऱ्याला जी रिंग ऐकू येते ती एक्स्चेंज ऐकवतं. समोरच्या घरातली घंटा वेगळी. ती बिघडून गप्प पडली असली, तरी आपल्या कानात रिंग आपली जातच राहते. बडबडे, त्या दिवशी आनंदाने मला जेवण गेलं नाही! म्हणजे तू उचलत नव्हतीस असं नाहीच, तुला ऐकूच येत नव्हतं! त्या एका वाक्यावर मी जगत आलो. खांबावर चढून तुमच्या लाइनचे सांधे पुन्हा वळले, रस्त्यावरच्या जंक्शन बॉक्समधली तुमची तारांची जोडी घासूनपुसून लख्ख केली. वस्ताद विचारायचे, त्या घरात काय मंत्री राहतो का रे?

परवा तुमच्याकडून तक्रार आली, आवाज खरखरतो. मी सायकल अशी हाणली की विचारू नकोस. दार काकूंनी उघडलं. त्या मला कुठे ओळखतात! हँडसेटची वायर पिचली होती, ती बदलली. काम झालं की एक्स्चेंजमधून उलटी रिंग मागवून बघायची, हा आमचा नियम. वस्तादांना सांगितलं आणि घंटा वाजली. ठणठणीत. मागच्या अंगणापर्यंत जाईल अशी.

काकू म्हणाल्या, "घंटेला काही झालेलं नाही रे बाळा. कुणी मेला रोज संध्याकाळी छळतो म्हणे, म्हणून ही माझी पोर कुणाला उचलूच देत नाही. हिचे बाबा दूर कामावर असतात, त्यांनाही फोनवर यायला तेवढीच वेळ मिळते. आपण उलटा लावावा तर तिकडे नंबर नाही. त्यांचा आवाज ऐकून किती दिवस झाले! तुम्हा लोकांना पकडता येतो का रे तो मेला?"

मी खाली मान घालून पक्कड पिशवीत भरत होतो. आतल्या दारात तू उभी होतीस. बोट दाखवलं असतंस तर तिथेच पकडला गेलो असतो. तू एवढंच म्हणालीस, "आई, त्यांना पाणी दे." मला गधड्या म्हणणारी तू! ते पाणी प्यायलो आणि पिशवी उचलून निघालो.

हे पत्र तुझं मन वळवायला लिहीत नाही. तुमच्या फोनवर नंबर दिसायची सोय नाही, तुला कळणार कसं, म्हणून लिहितोय. आजपासून संध्याकाळी घंटा वाजली की काकूंना उचलू दे. मी नसेन, बाबा असतील. आणि काकूंना सांग, तो मेला सापडला.

ऊन उतरलंय. हात सारखा डायलकडे जातोय, म्हणून खोलीत थांबत नाही. पत्र खिशात घालतो, तुमच्या दारातल्या पेटीत टाकायला बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच,
भडक्या