मातकट मादी

सोमवार, ५ तारीख, सकाळ
आजपासून मी नोकरदार! तिसरी नापास बाई, वय एकाहत्तर. मुलगा तांब्याच्या पाट्यांवरून पक्ष्यांची चित्रं छापतो, नुसत्या काळ्या रेघा. सूनबाई ती हाताने रंगवते. तीस शीटची ऑर्डर, हात कमी, म्हणून मला घेतलं. आठवडाभर ट्रायल. जमलं तर खिडकीजवळची खुर्ची कायमची माझी. नाही तर परत टीव्हीसमोर. त्या टीव्हीला मी विटले.
निश्चय: सॅम्पल भिंतीवर लावलंय, डिट्टो तसंच रंगवायचं. ब्रश तोंडात घालायचा नाही. रंग पोटात जातो म्हणे. माझी आई जन्मभर दोरा चाटून सुईत ओवायची, काय झालं तिला? असो.

मंगळवार, दुपार
नर काय देखणा! लाल छाती, निळे पंख, तुरा. शेजारी घरट्यापाशी त्याची बायको. मातकट. सूनबाईला विचारलं, हिचं रंगवायचं राहिलं का गं? म्हणाली, ती तशीच असते, आई. वा! आमच्या लग्नाचा फोटो अस्साच. हे लख्ख आणि मी अंधारात.
ब्रश चाटला. एकदाच. टोक सुरेख येतं.

बुधवार, ११ वाजता
सूनबाई फोनवर. लाल रंगाची वाटी तिच्याच टेबलावर. एका मादीच्या गळ्याला जरासा लाल लावला, फक्त बघायला. जिवंत झाली हो!

बुधवार, ४ वाजता
एकीलाच लाल दिला तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? तिसाच्या तीस केल्या.

गुरुवार
सूनबाईने विचारलं, हा लाल कोणी लावला? मी म्हटलं, मला काय माहीत. म्हणाली, आई, जीभ दाखवा.
दाखवली. आता काय करणार!
कागद रंग पितो, पुसता येत नाही म्हणे. रडकुंडीला आली. मी म्हटलं, उद्या ऑर्डर देणारे पक्षीवाले साहेब येतायत ना, त्यांनाच बघू दे. कौतुक होणार. नवा लाल स्वेटर काढून ठेवलाय.

शुक्रवार
साहेबांनी भिंग लावलं. म्हणाले, दोन्ही नर? मग घरट्यातली अंडी कोणाची?
मादी मातकट असते म्हणजे अंड्यांवर बसली की कोणाला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, साहेब, मी चार पोरं लाल स्वेटर घालून वाढवली, एकही कोणी उचलून नेलं नाही. साहेब हसले. शीट मात्र सगळी परत. मुलगा एक शब्द न बोलता नवे कागद छपाईसाठी भिजवायला गेला. बापावर गेलाय.

सोमवार, १२ तारीख
खिडकीजवळची खुर्ची मिळाली! माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही. काम एकच: तीस माद्या, मातकट. बाकीचे रंग कपाटात, किल्ली सूनबाईच्या कमरेला. सुटताना रोज जीभ दाखवायची, तरच उद्या खुर्ची.

मंगळवार, १३ तारीख, संध्याकाळ
किल्ली चहापुरती टेबलावर राहिली. तिसाव्या मादीला शेपटीखाली लाल ठिपका दिला. मोहरीएवढा. भिंगालाही सापडायचा नाही.
सूनबाई जीभ बघायला आली. मी तोंड उघडलंच नाही. दात दुखतो अशी खूण केली. जेवले नाही. शेजारीण दारात तासभर बसली, नवीकोरी बातमी घेऊन, तरी मी गप्प. तोंडात अख्खं भाषण तयार, जीभ लालभडक.
घरात सगळ्यांना वाटतंय, मी सुधारले.