गुरुवारचं बाकडं

कसबा बावडा
१७ नोव्हेंबर २०२५

चि. विजयसिंह यास, अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीनं लिहिले गेले. मनात मात्र नुसता संताप आहे. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि तू मधेच तोडून बोलतोस. कागदाला तोडता येत नाही, म्हणून लिहून शाळेच्या शिपायाबरोबर पाठवतेय. शेवटपर्यंत वाच.

आज सकाळी शाळेत येताना उचगावच्या चौकात तुझ्या मंडळाचा नवा बोर्ड बघून गाडी थांबवली. तुझा गॉगल घातलेला फोटो नेहमीचाच, त्याचं मला काही नाही. पण त्याच्याखाली गोल चौकटींत माझ्या शाळेतल्या पाच मुलांचे फोटो, नावं, इयत्ता, आणि वर ठळक अक्षरांत ‘समुपदेशनास पुढे आलेल्या गुणवंत विद्यार्थ्यांचे हार्दिक अभिनंदन!’ विजू, तुझं डोकं ठिकाणावर होतं का?

हे काम सगळ्यांनी मिळून उभं केलं. दूध संस्थेनं शाळेलगतची खोली दिली, तुझ्या मंडळानं रंग दिला, पंखा बसवला, बाहेर बाकडं ठेवलं. कोल्हापुरातून वर्षाराणी मॅडम दर गुरुवारी मुलांशी बोलायला यायला तयार झाल्या. मुख्याध्यापिका म्हणून मी मुलांना एकच शब्द दिला होता, की इथलं काही बाहेर जाणार नाही. तो शब्द तू चौकात टांगलास.

त्या पाचांतली नववीतली तेजस्वी, वडील गेल्यापासून गप्प झालेली. आत काय बोलणं होतं ते मॅडम मलाही सांगत नाहीत, तसा नियमच आहे. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की ही मुलगी एकटी पडता कामा नये, दर गुरुवारी आलीच पाहिजे. आज ती शाळेत आलेली नाही.

आधी बोर्ड उतरव, मग जेव. लोभ आहेच, पण आज त्याच्यापुढे राग उभा आहे.

तुझी,
ताई


उचगाव
१८ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

बोर्ड कालच उतरवला. चार माणसं बघत असताना स्वतः शिडीवर चढलो. आता माझंही ऐक.

आपल्याकडं पोरगं दहावीला चांगले मार्क पाडतं, बोर्ड लागतो. कुणी कुस्ती मारतो, बोर्ड. कुणाला नोकरी लागते, बोर्ड. उद्घाटनाला तूच माईकवर म्हणालीस की मन मोकळं करायला धाडस लागतं. मला ते पटलं. म्हटलं, धाडस केलंय तर कौतुक नको का व्हायला? पोरं बाकड्यावर बसली होती, हसत होती, मीच मोबाइलवर फोटो काढले. यात माझा हेतू वाईट होता का, एवढं सांग. आठ दिवस खपून खोली रंगवली त्याचं कुणी नाव काढत नाही आणि एका बोर्डावरून मी गावाचा वैरी झालो.

हे सगळं लिहून ठेवलं होतं. दुपारी तेजस्वीच्या घराकडं गेलो आणि भांडायची हौसच गेली. तिची आई उंबऱ्यात बसून रडत होती. शिरोळचा मामा येऊन पोरीला घेऊन गेलाय. म्हणाला म्हणे, शाळा आता बास. भाची खुळी झालीय असा चौकात बोर्ड लागलाय, उद्या सोयरीक कोण करणार? मोबाइलही काढून घेतलाय तिच्याकडनं.

ताई, मी खुळी असं कुठं लिहिलं होतं गं? मी गुणवंत लिहिलं होतं.

राग ओसरला की लोभ मागल्या पानावरून पुढं चालू ठेव.

तुझा,
विजयसिंह (अध्यक्ष)


कसबा बावडा
२० नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास, संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू ट्रंकेत जपून ठेवलंयस, तेव्हा पत्राला पर्याय नाही. विजूच्या बोर्डाची हकीकत तुझ्या सुनेनं सांगितली असेलच.

आज गुरुवार. मॅडम पाचपर्यंत खोलीत बसून होत्या आणि बाहेर बाकडं रिकामं. पाचांतली चार मुलं शाळेत येतात, पण त्या खोलीकडं मान वळवत नाहीत. कालच वर्गात एकानं दुसऱ्याला ‘काय रे गुणवंत’ म्हणून डिवचलं आणि बाचाबाची होऊन एकाचा ओठ फुटला. आता ती शिवी झालीय.

पण खरी धास्ती तेजस्वीची आहे. जाताना मॅडम माझा हात धरून म्हणाल्या की तिचा ठावठिकाणा लागला पाहिजे आणि कुणीतरी तिच्याशी रोज बोललं पाहिजे. मी विचारलं, इतकं गंभीर आहे का. त्या पुन्हा एवढंच म्हणाल्या, रोज. त्यानं मी जास्त घाबरलेय.

मामा तुमच्या शिरोळात अर्जुनवाड रस्त्याला राहतो, उसाच्या वाहतुकीचे दोन ट्रॅक्टर आहेत त्याचे. मी जावं तर शाळेचं माणूस दिसताच तो दार लावून घेईल. तू तिथली आहेस, तुला कोण अडवणार? काहीही निमित्त काढ, पण पोरगी डोळ्यांनी बघून ये.

मायेत तू कधी कमी केली नाहीस, आता घाईतही करू नकोस.

तुझी,
संयोगिता


शिरोळ
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. संयोगितास, अनेक आशीर्वाद.

पोरगी सापडली. घरात तीन म्हशी असून, ट्रंकेतलं यंत्र कानात घालून त्यांच्या दारात विरजण मागायला गेले, तेव्हा थोरल्या बहिणीनं तुझ्यासाठी लाज कुठवर सोडलीय ते बघ.

मामा उसाच्या खेपेला गेला होता. मामी साधी आहे, बोलकी आहे. पोरगी मागं गोठ्याजवळ बसलेली. केसांना चार दिवस फणी नाही, पुढ्यातल्या भाकरीवर माशा. मी काही विचारलं नाही. तेलाची बाटली मागून घेतली आणि वेणी घालायला बसले. अर्धी वेणी घालून झाली. मग तिनंच हळूच विचारलं, तो बोर्ड काढला का? मी म्हटलं, काढला. तर म्हणाली, काढला तरी सगळ्यांनी बघितलाय की. तिची मुंडी माझ्या हातात होती म्हणून बरं, नाहीतर माझं तोंड तिला दिसलं असतं.

संयोगिता, उगाच भेडसावत नाही, पण तिच्या नजरेत मला काही बरं दिसलं नाही. मामीला बाजूला घेऊन बजावलंय की रात्री हिला जवळ घेऊन झोप, आणि एकटी रानात पाठवू नको. ती समजली. गुरुवारी गोधडी शिवायला म्हणून पोरीला माझ्याकडं धाडणार आहे. माझ्या सुनेच्या मोबाइलवरनं तुमच्या बाईंशी बोलू दे तिला. यंत्र काढलं की मला ऐकू येत नाही, त्यामुळं चोरून ऐकायची भीती नाही.

विजूला रागावू नको. त्याला मीच रागावणार आहे. खुशाल असा.

तुझी,
आक्का


कसबा बावडा
२८ नोव्हेंबर २०२५

चि. विजयसिंह यास, अ. उ. आ.

काल तेजस्वी आक्काच्या माडीवर बसून मॅडमांशी अर्धा तास बोलली. रडली, पण बोलली. तेवढ्यात मामाला कुणीतरी सांगितलं. तो आला, हातातून मोबाइल काढून घेतला आणि पोरीला दंडाला धरून घेऊन गेला. आता आक्कालाही दार बंद झालंय. मामी रात्री जवळ झोपवते, एवढाच काय तो आधार.

मॅडमांनी स्वतः मामाला फोन केला, त्यानं कट केला. माझा उचललाच नाही. पोलीस, अधिकारी असलं काही केलं तर पोरीची आणखी चार गावांत चर्चा होईल, ते शेवटच्या वेळेला ठेवलंय.

राहिलास तू. ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडवायची. एकटा जा. मंडळाची पोरं नकोत, हार नको, शाल नको, मोबाइल खिशातून बाहेर काढायचा नाही. माफी मागायची, भाषण करायचं नाही. जमेल का तुला? नाही जमलं तरी जा.

तुझ्यावर भरवसा आहे असं लिहिताना पेन अडखळतंय, पण लिहिते.

ताई


शिरोळ
१ डिसेंबर २०२५

चि. सौ. संयोगितास, अनेक आशीर्वाद.

विजू काल आला होता. एकटाच, गाडीवर. मला नेऊन मामाच्या दारात उभा राहिला आणि चप्पल काढून हात जोडले. सांगितलं, चूक माझी हाय, पोरीची न्हाय, तिच्या शाळेवर राग काढू नका. आवाज इतका मोठा होता की मलासुद्धा यंत्राशिवाय ऐकू आलं.

मामानं खाटेवर बसायला सांगितलं, चहा ठेवायला सांगितला. मला वाटलं, निवळलं, म्हणून यंत्र कानात घातलं. मग त्यानं शांतपणे विचारलं, पावणं, तुमच्या घरातलं कोण गेलंय का त्या बाईकडं? विजूनं नकारार्थी मान हलवली. मामा म्हणाला, तुम्ही गेलाय? दुसऱ्याच्या पोरी बाकड्यावर बसवायच्या आणि आपण बोर्डावर बसायचं व्हय? आधी तुम्ही सगळ्यांदेखत तिथं बसा, मी येऊन बघतो, मग माझी भाची मागा.

आपल्या विजूचं तोंड असं उतरलेलं मी बाबा गेले तेव्हाच बघितलं होतं. चहा न पिता उठला, माझ्याशीही न बोलता गाडी काढली. तुला म्हणून सांगते, बाबांच्या मागं तो घरात नीट जेवत नाही, जेवता जेवता ताटावरनं उठतो, असं त्याची बायको मला म्हणाली होती. बाहेर गणपतीत नाचतो, घरात मुका.

आता मला त्या पोरीची एक काळजी आणि याची दुसरी. पोरगी खिडकीतनं बघत होती. तिनं सगळं ऐकलं.

जपून राहा, आणि भावाकडं लक्ष ठेव.

आक्का


कसबा बावडा
४ डिसेंबर २०२५

ती. आक्कास, शि. सा. न. वि. वि.

आज काय बघितलं ते सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

मधल्या सुट्टीच्या आधी विजू आला. कडक इस्त्रीचे कपडे, गॉगल नाही. सरळ जाऊन त्या बाकड्यावर बसला. दूध घालायला येणारी-जाणारी माणसं थबकायला लागली. कुणी विचारलं, अध्यक्ष, इथं कसं काय? म्हणाला, नंबर लावलाय. एक म्हातारा खो खो हसला. विजूचे कान लाल झाले, पण उठला नाही. थोड्या वेळानं त्याच्या मंडळातला गुंडू पैलवान आला. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि शेजारी बसला. बाकडं करकरलं. दुपारपर्यंत मंडळाचे सहाजण झाले. जागा नाही म्हणून दोघं पायरीवर. मुलांची चंगळ, खिडक्यांतून नुसती डोकी. आणि आक्का, त्या गर्दीतून त्या चारांतला एक मुलगा हळूच आत जाऊन आला, कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही.

गुंडू आत जाऊन आला, नाक पुसतच निघाला. पण विजू? मॅडमांनी तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा त्यानं दुसऱ्याला पुढे केलं. शेवटी काम निघालं म्हणून उठून गेला. मला भरूनही आलं आणि वाईटही वाटलं. बसला खरा, पण तोही एक बोर्डच लावला म्हणायचा का?

मामाला निरोप दे की बसलाय, येऊन बघा. आत गेला असं मात्र सांगू नकोस, ते खोटं ठरेल.

तुझी माया असू दे, सध्या तिची फार गरज आहे.

संयोगिता


उचगाव
१२ डिसेंबर २०२५

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काल तू पंचायत समितीच्या मीटिंगला होतीस, म्हणून लिहितोय. फोनवर सांगायला जमणार नाही.

मी बाकड्यावर होतो. शेजारी गुंडू, पलीकडं आपली पोरं, एक जागा शिल्लक नाही. गेटातनं आक्का आली, तिच्यामागं मामा आणि मामाच्या मागं तेजस्वी. वेणी घट्ट घातलेली, आक्काचंच काम. मामा हाताची घडी घालून लिंबाखाली उभा राहिला, पंचासारखा.

पोरीला बसायला जागा नव्हती म्हणून मी उठलो. म्हटलं, बस बाळ, माझी जागा घे, आणि मॅडम बोलावतील तेव्हा तूच आधी जा. मला वाटलं, सुटलो. तर ती बसली नाही. खाली बघत, पण स्पष्ट म्हणाली, काका, नंबर तुमचा पहिला हाय. तुम्ही जाऊन या, मग मी जाते.

ताई, सगळं बाकडं माझ्याकडं बघायला लागलं. मामा बघतोय, आक्का बघतेय. शिडीवर चढून बोर्ड उतरवणं त्या चार पावलांपेक्षा सोपं होतं. दाराचा पडदा मीच आणला होता, तो मीच बाजूला सारला. गेलो. बाहेर आलो तेव्हा पोरगी दाराशीच उभी होती. पडदा सारून आत गेली.

ती आत होती तोवर मामा लिंबाखालनं येऊन बाकड्याच्या टोकाला टेकला. गुंडूनं सरकून जागा दिली. मामानं एवढंच विचारलं की गुरुवारचा तास बुडाला तर दुसऱ्या दिवशी असतो का. नसतो म्हटल्यावर म्हणाला, मग सोमवारी दप्तरासकट आणून सोडतो, हिची आईबी वाट बघतीय. मंडळानं काल विचारलं, अध्यक्ष, याचा एक बोर्ड? मी शिवी दिली, ती इथं लिहीत नाही.

आत किती वेळ होतो ते कळलं नाही. घरी आलो, दोन भाकऱ्या खाल्ल्या, ताटावरनं उठलो नाही. बायकोनं विचारलं, आत काय बोलला? तिला सांगितलं नाही. गुंडूनं विचारलं, त्यालाही नाही. तूही विचारू नकोस. आजवर माझं सगळं गावाला माहीत असायचं, मीच लावायचो चौकात. हे एवढं माझ्याजवळ राहू दे.

पुढच्या गुरुवारचा नंबर लावलाय. लोभ असाच राहू दे, आता न ओरडता.

तुझा,
विजू