घर तापत नाही

९ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचा आंबिवलीत! मी आणि खोक्यांचा डोंगर. वल्लरी आणि आमची छकुली अजून डोंबिवलीला, वल्लरीच्या माहेरी. सव्वा महिना उलटला की पुढच्या रविवारी दोघी येतील. तोवर घर लावून ठेवायचं, एवढंच माझं काम. स्वतंत्र घर आहे, पुढे फाटक, मागे पेरू. कित्येक वर्षं बंद होतं म्हणून आमच्या खिशाला झेपलं. मालक कोलशेतला असतात. किल्ली देताना म्हणाले, राहतं करा, मग बघा कसं लख्ख होतं. माझा जन्म दीड खोलीत गेला, त्यामुळे आज उगाचच सगळ्या खोल्यांतून चकरा मारल्या. कुठेही कशाला ठेचकाळलो नाही, याचंच अप्रूप.

१० नोव्हेंबर, सोमवार

यंदा दिवाळी सरली आणि थंडीने डोकं वर काढलं. बाहेर तरी बरं, घरात लाद्यांवर पाय टेकवत नाही. छकुली वेळेआधी जन्मली, वजन कमी. तिला गारवा लागला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. खोली आधीपासून तापवून ठेवा, असं सासूबाईंनी फोनवर सांगितलं, आणि सासूबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! कल्याणहून हीटर आणला. दिवसभर लावला. गादी अजून ओली असल्यासारखी लागते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

समोरचे रवींद्रदादा चहाला आले. रेल्वेतून निवृत्त झालेत. घरात आल्या आल्या मफलर गुंडाळला, निघताना फाटकाबाहेर सोडला. चहा दोन घोटांत पाणी झाला. त्यांनी विचारलं, लहान मूल आणणार का. हो म्हटल्यावर कप खाली ठेवला. मग म्हणाले, आधीच्या बिऱ्हाडातले आजोबा इथेच गारठून गेले, ऐन मे महिन्यात, अंगावर गोधड्या असताना. ‘तान्हं पोर कशाला आणतो रे इथे?’ असंही म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. म्हातारी माणसं बोलतात काहीही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हीटरने हात टेकले, म्हणून कोळशाची शेगडी आणली. खिडकी उघडी ठेवून पेटवली. निखारे लालभडक झाले. वर हात धरला तर ऊबच नाही. आणखी खाली नेला. काहीच नाही. मागे सरलो तो भिंतीला टेकलो आणि दचकलो. भिंत कोमट होती, ताप आलेल्या माणसाच्या पाठीसारखी.

म्हणजे शेगडी मी पेटवायची आणि शेकायचं घराने. मला भीती वाटते आहे. इथे लिहायला लाज कसली?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वल्लरीला फोन केला, येऊ नका म्हटलं. चिडली. घर लावायचा कंटाळा आला म्हणून बहाणे करतोस, म्हणाली. भिंतीचं सांगितलं तर तिचा आवाजच बदलला, आधी ताप मोज म्हणाली. मोजला. थर्मामीटर काही दाखवतच नाही. पुन्हा लावला. नाहीच.

उद्या सकाळी डोंबिवली गाठायची. तिला समोर बसून सांगतो. इथे आता राहायचंच नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

निघता आलं नाही. पाय आखडले होते. आणि दारात दोघी! मला बरं नाही म्हणून आजच आल्या. आत येऊ नका म्हणेपर्यंत वल्लरीने उंबरा ओलांडला —

घर तापलं. एका क्षणात. किती छान ऊब आहे, उगाच घाबरवलंस, म्हणाली ती.

छकुली रडायची थांबली. ओठ निळे.

बाहेर पळालो. उन्हात धरली, छातीशी धरली. गारच. रवींद्रदादांनी रिक्षा थांबवली. दुपटं आणायला मी आत धावलो आणि फाटकातून वल्लरी ओरडली, हलली, रडली ती! मी बाहेर आलो. पुन्हा निळी. आत गेलो — रडली.

कळलं. घराला कोणीतरी एक हवंच.

दारातूनच सांगितलं, तुम्ही दवाखान्यात पोचा, मी मागून येतो. खोटं बोललो. रिक्षा गेली.

संध्याकाळ

लिहीत राहिलो तर बोटं हलतील. लाद्या गरम. भिंती गरम. माझ्या तोंडातून वाफ —

मेसेज आला. दूध प्यायली. अंग गुलाबी. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही, घरी न्या.

घरी नाही. घरी नाही!

उत्तर द्यायचंय. बोट इतकं गार की स्क्रीनला कळत नाही. पुन्हा. पुन्हा —

फोन वाजतोय. उचलला जात नाही.

मेसेज. केदार, उचल ना रे. काळजी वाटते. आम्ही तिकडेच येतोय.

नको

उठलो. पडलो. तिच्याकडे दुसरी किल्ली आहे. कडी लावायला हवी, वर आहे, हात पोचत —

ओरडलो. आवाज नाही

रिक्षा. फाटक. छकुली रडतेय, किती खणखणीत, जवळ आली, दाराशी —

वल्लरी तिला बाहेरच ठे