न वाचलेल्या तीन ओळी

लिहून ठेवणार हरिहर महिपत टिपणीस, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा लोकांचे कागद लिहिणे व वाचून दाखविणे, राहणार कोपरी, तालुका ठाणे.

चार पावले चाललो की दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. ते फिरले असल्याची बातमी माझे चिरंजीव त्र्यंबक यांनी कल्याणास पसरविली आहे, म्हणून आधी वैद्यांकडून तपासून घेतले आणि मग बोरू हाती धरला. हे मी राजीखुशीने लिहितो. धाक घालायला आले होते, ते पानसुपारी घेऊन परत गेले.

हा कागद मोडीत न लिहिता बाळबोधीत लिहिला आहे. मोडी कारकुनाला वाचता येते, बाळबोध चार यत्ता शिकलेल्या कोणालाही. असे का केले ते पुढे येईल.

कलम पहिले. कोपरीचे राहते घर, मागची विहीर आणि दोन आंबे त्र्यंबकाला द्यावेत. अट एकच. माझे दिवस झाल्यावर आठ दिवसांच्या आत त्याने कोलशेतच्या देवळापुढे उभे राहून, गावातल्या लोकांदेखत, हा कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचावा. याची दुसरी प्रत धोंडीबा मास्तरांकडे आहे. ते शेजारी उभे राहून ताडून पाहतील. एक ओळ गाळली तरी घर माझी मुलगी मंदाकिनी हिचे.

त्र्यंबकाला तिसरे कलम गाळण्याचा मोह होईल. ते काळुरामशेटविषयी आहे आणि त्र्यंबक कल्याणला त्यांच्याच पेढीवर कारकून आहे. गेल्या महिन्यात तो मला म्हणाला, "बाबा, घर नका देऊ हवं तर, पण ते लिहू नका. शेट मला काढून टाकतील." मी त्याला सांगितले की मलाही काढले होते, त्याने माणूस मरत नाही. मी आता मरतो आहे तो दम्याने.

कलम दुसरे. माझे उतरते मेज, पितळी दौत आणि चष्मा मंदाकिनीला. तिला मी लहानपणी लिहायवाचायला शिकविले. तिच्या सासरी हे ठाऊक नाही, आता होईल. तिच्या सासूबाईंना राग आला तर त्यांनी तो माझ्यावर काढावा, मी कुठे असेन तिथे ऐकून घेईन. या मेजाला एक रीत आहे, ती मंदाकिनीने मोडू नये. सतरा वर्षे मी ठाण्याच्या कचेरीबाहेर पिंपळाखाली बसलो. ज्याचा कागद हातात आला त्याला तो दोनदा वाचून दाखविला. एकदा वरून खाली आणि एकदा शेवटच्या ओळीपासून वर. लोक मला उलटा टिपणीस म्हणत. म्हणोत. फसवणारा माणूस खरी गोष्ट तळाशी लिहितो, ऐकणारा तोवर दमलेला असतो. हे मला ठाऊक आहे, कारण तसा एक कागद मी स्वतः लिहिला आहे.

कलम तिसरे. शके १७९३ च्या ज्येष्ठात मी काळुरामशेटच्या मिठागरावर कारकून होतो. आगर कोलशेतच्या खाडीला. तिथे राबणारी तेवीस माणसे बांधावरच झोपड्या घालून राहत, त्यांचे बापही तिथेच राहिलेले. शेटनी त्यांच्याशी करार करायचे ठरविले. चौदा ओळींचा कागद झाला. पहिल्या अकरा ओळींत मजुरी वाढेल, दिवाळीला भात मिळेल, आजारात कामावरून काढणार नाही, असा गोड मजकूर. शेवटच्या तीन ओळींत, झोपड्यांच्या जागेवर आमचा काही हक्क नाही, मालक म्हणतील त्या दिवशी उठून जाऊ.

वाचायला निघताना शेट मला म्हणाले, "खोटं एक अक्षर वाचायचं नाही. फक्त थांबायचं कुठे, ते मी सांगतो."

मी बांधावर उभा राहून अकरा ओळी खणखणीत वाचल्या आणि थांबलो. सहीऐवजी पुरुषांनी नांगराची निशाणी केली, बायांनी बांगडीची. खाली मी लिहिले की मजकूर वाचून दाखविला, समजला, कबूल आहे, आणि सही ठोकली. भीतीने केले असते तर थोडी सबब उरली असती. मला शेटचे म्हणणे पटले होते. खोटे तर काही वाचले नाही, असे मनाशी म्हणत मी घरी येऊन पोटभर जेवलो.

आश्विनात झोपड्या उठविल्या. त्या तेविसांतला राघो मढवी माझ्या दारात आला. त्याने विचारले, "टिपनीस, तुमी वाचलं त्यात ह्ये व्हतं का?" पुढच्या पावसाळ्यात तो कोणाच्या तरी वळचणीला तापाने गेला. त्याची बायको सखुबाई त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

राघो गेल्यावर मी ठाण्याच्या कोर्टात शपथेवर सांगितले की कागद माझ्या हातचा आहे आणि तीन ओळी मी वाचल्या नाहीत. कोर्टाने म्हटले, निशाण्या खऱ्या आहेत. झोपड्या मिळाल्या नाहीत. माझी नोकरी गेली, भाऊबंद पंगतीला बोलावेनासे झाले. मेहुणे म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, तुम्ही उगीच उघडलीत. त्यांना माझे उत्तर आज लेखी देतो. माझ्या मुठीत तेवीस माणसांची घरे होती, ती माझी नव्हती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा साक्ष देईन, आणि ती शेटच्या ओसरीवर उभा राहून देईन.

व्यापारात सगळेच सांगायचे नसते, असे शहाणे म्हणतात. मान्य. गूळ कुठून आणला हे वाण्याने सांगू नये. पण ज्याच्या पायाखालची जागा जाते आहे त्याला ती जाते आहे हेही सांगायचे नाही, याला व्यापार म्हणत नाहीत. याला काय म्हणतात ते माझी कै. पत्नी विमलाबाई चुलीपाशी बसून रोज म्हणत असे. तो शब्द कागदावर लिहिण्याजोगा नाही.

कलम चौथे. त्या ज्येष्ठात शेटनी मला खुशीने एक शालजोडी दिली होती. ती मी अंगावर घेतली नाही, विमलाबाईने ती तांदळाच्या कणगीवर टाकून ठेवली. कसरीने खाऊन जेवढी उरली आहे तेवढी त्र्यंबकाने शेटना पेढीवर, गिऱ्हाइकांदेखत परत करावी. पावती मागू नये.

कलम पाचवे. कोलशेतला माझे भाताचे एक लहान खाचर आहे. ते मला सखुबाईला द्यायचे होते आणि या कागदावर साक्षही तिचीच हवी होती. वकिलांनी सांगितले की ज्याला मिळायचे त्याने साक्ष घालू नये. म्हणून परवा बैलगाडी करून तिच्या दारात गेलो आणि दोन्हींपैकी एक निवड, असे विनविले. सतरा वर्षांनी ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "खाचर तुळसाला दे. निशानी मी करीन." तुळसा म्हणजे तिची सून. आगरी बाईला वकील काय शिकवणार. खाचर तुळसाचे.

कलम सहावे. हे नंतर घातले आहे. निशाणीआधी हा कागद मी तिला वाचून दाखवायला लागलो तेव्हा सखुबाईने हात वर केला. म्हणाली, "तू नको. मना वाचता येत नाय, पन आयकता येतं. तुजं आयकलंय मी एकदा." धोंडीबा मास्तरांनी सगळे वाचले. ती डोळे मिटून बसली होती. मग म्हणाली, आता तू वाच, बघू जुळतं का. मी वाचू लागलो. तिसऱ्या कलमात राघोचे नाव आले आणि माझा आवाज बसला. मी कागद खाली घेतला.

तेव्हा ती म्हणाली, "थांबू नको."

मी थांबलो नाही. हे कलमही तिला आम्ही दोघांनी वाचून दाखविले. ती म्हणाली, असंच झालं. त्र्यंबका, तुझाही आवाज बसेल. बसू दे, आणि पुढे वाच.

ठिकाण कोलशेत. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८११, विरोधी नाम संवत्सरे. संवत्सर मी निवडलेले नाही.

सही, हरिहर महिपत टिपणीस, दस्तूर खुद्द.

साक्षी:

धोंडीबा सहदेव गुरव, शाळामास्तर. मजकूर ताडून पाहिला.

निशाणी बांगडी, सखुबाई भ्रतार राघो मढवी, राहणार कोलशेत. मजकूर दोनदा ऐकला, शेवटच्या ओळीपर्यंत.